पहिल्या चेंडूची माफी

आपण कराचीची मराठी माणसं एका बाबतीत अगदी सारखी. कोण रत्नागिरीचा, कोण साताऱ्याचा, कोण माझ्यासारखा नगर जिल्ह्यातला. 'आमच्या गावी' म्हणून बोलायला लागलो की तासभर थांबायचं नाही, आणि गाव मात्र बहुतेकांनी कधी डोळ्यांनी पाहिलेलं नसायचं. आता आपण पुण्यात, मुंबईत, कल्याणच्या छावणीत जिकडेतिकडे विखुरलो. रस्त्यात भेटलात की विचारता, "काय दाविद, गाव पाहून आलास म्हणे, कसं आहे?" दर वेळी मी दोन वाक्यं बोलून विषय बदलतो. तेव्हा एकदाच सगळं लिहून काढतो. वाचून झाल्यावर मला शिव्या द्याव्याशा वाटतील. द्या खुशाल.

पुण्याहून निघताना

ज्यांना माझा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं. कराचीत गवत कुठलं उगवायला! तेव्हा आपण सगळेच काथ्याच्या चटईवर खेळायला शिकलो. मी मध्यमगती बोलिंग टाकायचो, सहाव्या नंबरला बॅटिंगला यायचो आणि उरलेल्या वेळात स्लिपमध्ये उभा राहून कॅप्टनला अक्कल शिकवायचो. सिंधकडून प्रांतांच्या सामन्यांत बरेच हंगाम खेळलो. काठेवाडच्या लोकांना एकदा दुपारच्या जेवणाआधी गुंडाळलं होतं, ते तुमच्यापैकी काहींनी पाहिलंही असेल. मग फाळणी झाली. बंदरावर ज्या धक्क्यावर बापाची सगळी नोकरी झाली त्याच धक्क्यावरून बोटीत बसलो. बरोबर बायको, दोन ट्रंका आणि बॅट. बाप तिकडेच मातीआड आहे.

पुण्यात लष्कर भागात एक खोली मिळाली आणि एका क्लबात खेळायलाही मिळालं. पोटाचं मात्र काही धड नव्हतं. क्लबाचे अप्पासाहेब प्रांताच्या संघाची निवड करणाऱ्या कमिटीत आहेत. साठीचे गृहस्थ, तोंडात सुपारी, बोलणं मोजकं. त्यांनी एक दिवस मला बाजूला घेतलं. संघात अष्टपैलू खेळाडूची एक जागा रिकामी होती. ती मिळाली तर एका कारखान्यात खेळाडूसाठी राखून ठेवलेली नोकरीही मिळणार होती. पण कमिटीतले दोघेतिघे कुरकुरत होते. म्हणत होते, हा कराचीचा, कालपरवा आलेला. आपल्या पोरांच्या ताटातला घास परक्याला का द्यायचा? मी पस्तिशीला आलेलो. पुढच्या हंगामाची वाट बघण्याचं वय राहिलं नव्हतं.

मी तावातावाने म्हणालो, परका कसला, नेवासा तालुक्यातलं पिंपळवाडी आमचं मूळ गाव. अप्पासाहेब हसले. आणि योगायोग पाहा: त्या पिंपळवाडीची ख्रिस्ती मंडळी दर नाताळात शहरातल्या एखाद्या संघाला खेळायला बोलावतात, आणि यंदाचं आमंत्रण आमच्या क्लबाला होतं.

"मी स्वतः येतोय," अप्पासाहेब म्हणाले. "तुमच्या घरातल्या कुणी वडीलधाऱ्या माणसाने मला तोंडाने सांगावं की हा आमचा. तेवढ्यावर मी कमिटीत सगळ्यांची तोंडं बंद करतो. बॅट-बॉलचं तुम्ही बघा."

एवढंच काम होतं. गावाला जाऊन माणसांना भेटावं, बापाचं घर पाहावं, हे माझ्या डोक्यात दुसऱ्या नंबरला होतं. खरं सांगायचं तर तिसऱ्या.

नगर

नगरला गाडीतून उतरलो ते कुडकुडतच. कराचीची थंडी ओली. इकडची कोरडी, ओठ फाटतात आणि सकाळी आंघोळीचं पाणी अंगावर घेणं जिवावर येतं. दुपारी मात्र ऊन असं चटकतं की कोट काढून खांद्यावर टाकावा लागतो. टांगेवाल्याला मी सिंधी सवयीने "सायें" म्हणून हाक मारली, तर त्याने वळून पाहिलंसुद्धा नाही. इकडे "ओ मामा" म्हणायचं असतं.

वाटेत नगरलाही आमच्या क्लबाचा एक सामना होता. त्यात मी बोलिंग बरी टाकली आणि बॅटिंगला आल्यावर चेंडू थेट पॉइंटच्या हातात दिला.  संध्याकाळी भेळ खाताना अप्पासाहेब म्हणाले, "बोलिंग पाहिली. बॅटिंग अजून पाहायचीय." माझी भेळ तिथेच थांबली.

संघ नाताळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. मी दोन दिवस आधी एकटा पुढे निघालो.

नेवाशाच्या वाटेवर

नगरहून नेवाशाकडे जाणारी सर्व्हिस मोटार म्हणजे निम्मी माणसं आणि निम्मा बाजार. घाटात इंजिन तापलं, तेव्हा आम्ही सगळे उतरून कठड्यावर बसलो. ड्रायव्हर शांतपणे विडी ओढत होता. आमच्याकडे असं झालं असतं तर एव्हाना दहा जणांनी त्याला गाडी कशी चालवावी ते शिकवलं असतं. इकडे कुणाला घाई नव्हती. एका म्हाताऱ्याने आपल्या टोपलीतली बोरं सगळ्यांना वाटली.

घाट संपला की जमीन एकदम सपाट होते. काळीभोर जमीन, त्यात पुरुषभर ज्वारी, मध्येच करडईचा पिवळा पट्टा. समुद्राची सवय असलेल्या डोळ्यांना एवढ्या लांबवर पाणी न दिसता नुसती जमीन दिसते याचंच नवल वाटतं. बाप म्हणायचा, आपली माती पायाला धरून ठेवते. मला ते बोलण्यापुरतं वाटायचं. फाट्यावर उतरून गावाकडे चालू लागलो, तर आदल्या आठवड्यातल्या अवकाळी सरीने रस्त्याचा चिखल झालेला. दहा पावलांत दोन्ही बूट शेरशेर मातीने जड झाले.

त्यात आणखी एक घोटाळा झाला होता. मोटारीच्या टपावर माझ्या पिशवीवर कुणीतरी कोंबड्यांची टोपली ठेवली होती. पिशवीत माझे पांढरे कपडे. कोंबड्यांनी वाटभर काय केलं असेल ते तुम्हीच समजून घ्या.

गाव

बापाचे चुलतभाऊ भिकाजीकाका अर्ध्या वाटेपर्यंत सामोरे आले होते. शाळेतून निवृत्त झालेले, उंच, वाळलेले, डोक्याला पांढरा रुमाल. गावात सगळे त्यांना मास्तर म्हणतात. मी हात पुढे केला. त्यांनी तो बघितलाच नाही. इकडच्या ख्रिस्ती रितीने "सलाम" म्हणाले आणि मला सरळ छातीशी धरलं. मग हातभर दूर करून तोंडाकडे पाहत राहिले.

"नाक बापाचं हाय," ते म्हणाले. "चल, तुजी काकू सकाळपासून चुलीपुढं बसलीय."

दोन खोल्यांचं धाब्याचं घर. मी ओटीवर टेकणार, तेवढ्यात काकूने आतून हाक मारली. ओटीवर पाहुणे बसतात, घरच्यांनी आत यायचं, असं तिचं म्हणणं. मला तिने चुलीपुढेच पोत्यावर बसवलं आणि तव्यावरची बाजरीची भाकरी सरळ माझ्या हातावर टाकली. ताट नाही, काही नाही. भाकरीवर ठेचा, वर तेलाची धार. मला ती मोडताही येईना. बोटं भाजली. कराचीत मांडे-पोळ्या, मासे आणि पाव खाऊन वाढलेला मी. काकूचा मुलगा याकोब शेजारी बसून हसत होता. त्याने माझा हात धरून भाकरी कशी चुरायची ते दाखवलं. काकूने दोनदा "आरं दाविदा, लाजतुस काय, आपलंच घर हाय" म्हटलं आणि तिसरी भाकरी टाकली.

कपड्यांचा घोटाळा तिला कळला तशी पिशवी घेऊन ती प्रवरेवर गेली. नदीवर आपटून धुतले, नीळ घातली, कुंपणावर वाळवले आणि तांब्यात निखारे घालून त्या तांब्याने इस्त्री केली. कराचीत आमचा धोबी होता, पण इतके पांढरे कपडे मी कधी घातले नव्हते.

नाताळाची उपासना म्हणजे आपल्याकडच्यासारखी बाजाची पेटी आणि सूट-बूट नव्हे. टाळ, तबला, आणि कीर्तनकार कमरेला उपरणं बांधून उभा. येशूचा जन्म त्याने असा सांगितला की गोठा पलीकडच्या आळीत असावा. माणसं खाली सतरंजीवर. संपल्यावर पाळकसाहेबांनी माझं नाव घेऊन सांगितलं की आपला एक मुलगा फार लांबून घरी आला आहे. सगळे वळून बघायला लागले. म्हाताऱ्या बायका येऊन माझ्या तोंडावरून हात फिरवून गेल्या. एकीने बापाच्या लहानपणाची काहीतरी खोडी सांगितली आणि सांगता सांगता डोळ्यांना पदर लावला. मी मान डोलावत होतो आणि मनात विचार करत होतो की हे सगळं अप्पासाहेबांच्या पुढे झालं असतं तर किती सोयीचं झालं असतं. असा मी.

दुपारी काकांच्या शेतात हुरडा भाजला. गोवऱ्यांच्या आगीतून कणसं काढायची, हातावर चोळायची, गरम दाणे तोंडात टाकायचे. तिथे काकांनी मला इथली रीत सांगितली.

गावात क्रिकेट आणलं एका गोऱ्या पाद्रीसाहेबाने. पहिलाच सामना, साहेब मोठ्या ऐटीत बॅट घेऊन उभा राहिला आणि गावच्या एका गड्याने पहिल्याच चेंडूवर त्याच्या दांड्या उडवल्या. आता साहेबाला घरी कसा पाठवायचा?  पंच होता माझा आजा, शाळेची घंटा वाजवणारा. त्याने जाऊन दांड्या पुन्हा रोवल्या आणि म्हणाला, पाव्हन्याला पहिला चेंडू माफ. तेव्हापासून पिंपळवाडीत ती रीत. बाहेरून आलेल्या कुणालाही पहिल्या चेंडूवर बाद धरत नाहीत. गावच्या माणसाला मात्र माफी नाही. आणि पंचाचा पांढरा कोट आमच्याच घरात राहिला: आज्यानंतर थोरल्याकडे म्हणजे माझ्या बापाकडे जायचा, बाप कराचीला गेला म्हणून तो काकांकडे आला.

मी विचारलं, मुंबईला गिरणीत गेलेले, नोकरीसाठी लांब राहिलेले, त्यांचं काय?

त्यांना पंच विचारतो, काका म्हणाले. मागल्या साली गिरणीतला सिलास पाहुण्यांच्या बाजूने खेळला, त्यांना एक गडी कमी होता म्हणून. पहिल्याच चेंडूवर उडाला. काकांनी भर मैदानात विचारलं, "कोन तू? पाव्हना का गावचा?" तो "गावचा" म्हणाला आणि बॅट खाकेत मारून चालू लागला. हलगी अशी वाजली म्हणता! शतक ठोकणाऱ्याला कधी वाजत नाही तशी. पोरांनी त्याला खांद्यावर घेऊन घरी नेलं. वर्षावर्षाने परतलेल्या माणसाला याहून मोठा मान गावात दुसरा नाही.

ऐकून मी खूप हसलो. म्हटलं, काका, मीही उडालो तर छातीठोक सांगेन. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. लगेच मी अप्पासाहेबांचं काम काढलं. काका म्हणाले, त्यात काय सांगायचं, तुझ्या आज्याने घातलेल्या रितीवर गाव चालतंय. साहेबांना मी उद्या स्वतः सांगतो. कोट दाखवतो, घर दाखवतो. आणि पुढचं कणीस चोळून त्यांनी दाणे माझ्या हातावर ठेवले.

सामना

मैदान म्हणजे शाळेमागचं माळरान. मुरमाची पट्टी ठोकून तिच्यावर काथ्याची चटई खिळ्यांनी ताणलेली. चटई बघितल्यावर मला माहेरी आल्यासारखं वाटलं. सगळं गाव जमलं होतं. एका बाजूला ख्रिस्ती मंडळी, दुसऱ्या बाजूला पाटलाकडचे आणि वाड्यावस्त्यांवरचे शेतकरी, मध्ये हलगीवाला. अप्पासाहेबांना शाळेतली एकुलती एक हाताची खुर्ची दिलेली.

गाव आधी खेळलं. मी काकूने धुतलेले कपडे घालून बोलिंग टाकली, आणि बऱ्याच दिवसांनी चेंडू माझं ऐकत होता. चटईवर पडून आत यायचा. निम्मं गाव मी एकट्यानेच बाद केलं, आणि गंमत म्हणजे लोक आपल्या माणसांच्या बाद होण्यावरच टाळ्या वाजवत होते. "मास्तरांचा पुतन्या हाय," असं एकमेकांना सांगणं मला मैदानात ऐकू येत होतं. काका पंच होते. आज्याचा कोट त्यांना आखूड होत होता. माझ्या अपिलावर बोट वर करताना त्यांच्या तोंडावर हसू यायचं आणि ते लगेच दाबायचे.

जेवणाच्या सुट्टीत अप्पासाहेब माझ्याजवळ आले. म्हणाले, कमिटीला नुसता बोलर नको आहे, अष्टपैलू हवा आहे. "पन्नास करा. मग कुणाला बोलायला जागा राहणार नाही." मी मान हलवली. 

माझी पाळी आली तेव्हा आमचे चार गेले होते. याकोब बोलिंग टाकत होता, डावखुरा, धाव अगदी थोडी. परवा माझा हात धरून भाकरी चुरायला शिकवणारा. मी गार्ड घेतला. त्याने टाकलेला चेंडू चांगला होता, एवढं मी आजही म्हणेन. बाहेर पडला, चटईने धरला, आणि बॅटच्या आतून जाऊन ऑफची दांडी जमिनीवर. मागे वळून बघायचीही गरज नव्हती, आवाज पुरेसा होता.

याकोबने अपील केलं नाही. त्याने काकांकडे पाहिलं. काकांनी बोट वर केलं नाही.  हलगीवाल्याने काठी वर उचलून धरलेली मला दिसत होती. तो वाटच बघत होता. काही बायका उभ्या राहिल्या होत्या. सगळ्यांना ठाऊक होतं आता काय होणार, आणि सगळ्यांचे चेहरे हसरे होते. काकांचाही.

त्यांनी मोठ्याने विचारलं, "कोन तू? पाव्हना का गावचा?"

मी अप्पासाहेबांकडे पाहिलं. ते खुर्चीत पुढे वाकून बसले होते. त्यांना रीत ठाऊक नव्हती, दांडी पडलेली तेवढी दिसत होती. शून्यावर परत गेलो की नगरसारखंच झालं. जागा गेली, नोकरी गेली, आणि लष्कर भागातल्या त्या खोलीत बायको रोज संध्याकाळी दारात उभी राहून माझं तोंड बघते, ते पुढेही चालू. हे सगळं मी त्या क्षणात विचार करून बोललो असं म्हटलं तर ती माझी सारवासारव होईल. विचार कसला! तोंडातून गेलं.

"पाहुणा."

 काका पुन्हा विचारतील असं मला वाटलं. त्यांनी विचारलं नाही. चालत आले, खाली वाकले, दांडी उचलून सरळ रोवली, बेल्स बसवल्या. "पाव्हन्याला माफ," असं म्हणून ते आपल्या जागेवर गेले. हलगीवाल्याने काठी खाली घेतली.

त्यानंतर मी खूप चांगला खेळलो. सांगायला लाज वाटते, पण तसा खेळ मी सिंधकडूनही फार वेळा खेळलो नसेन. साठाच्या पुढे गेलो, सामना जिंकून दिला. प्रत्येक चौक्याला लोक टाळ्या वाजवत होते, अगदी नीट, न चुकता, पाहुण्यांना वाजवतात तशा. पुतण्या हा शब्द पुन्हा माझ्या कानावर पडला नाही. मी जोरजोरात मारत होतो, कारण उभं राहून त्या लोकांकडे बघणं त्याहून कठीण होतं.

ओटीवर

संध्याकाळी घरी गेलो. सवयीने आत चुलीकडे वळणार, तर काकूने ओटीवर तीन पाट मांडले होते. अप्पासाहेबांचा, आमच्या कॅप्टनचा आणि तिसरा माझा. पितळेचं ताट, वाटीत मटणाचा रस्सा, करंजी, भाकरीच्या जागी माझ्यासाठी गव्हाची पोळी. रेशनच्या दिवसांत तो गहू तिने कुठून आणला ते देव जाणे. मी म्हणालो, काकू, मी आतच बसतो. ती म्हणाली, "आसं कसं, बसा की. सावकाश जेवा." बसा म्हणाली. दोन दिवसांत ती मला एकदाही बसा म्हणाली नव्हती.

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. कुणी टोमणा मारला असता तर मी भांडलो असतो. भांडणात मला कुणी हरवू शकत नाही, तुम्हाला माहीतच आहे. पण त्या घरात कुणीच काही बोललं नाही. याकोब हातावर पाणी घालायला तांब्या घेऊन उभा राहिला. मी म्हटलं, अरे मी घेतो ना. तो तसाच उभा राहिला.

जेवता जेवता अप्पासाहेबांनी काकांना विचारलं, हे तुमच्याच घरातले ना? घास माझ्या तोंडात फिरत होता. आता काका काय सांगतात याकडे माझे प्राण लागले होते. ते "नाही" म्हणाले असते तर बरोबरच होतं. खरं सांगू? त्यांनी "नाही" म्हणावं असंही मला वाटत होतं.

काकांनी कोटाच्या बाहीचा चुरगळलेला काठ सरळ केला. मग म्हणाले, "साहेब, हे घर दाविदरावांच्या आज्यानं बांधलं. हा कोट बी त्यांचाच. गावात कुनालाबी इचारा. तुमच्या कमिटीला माझं नाव घालून सांगा, की ह्यांचं मूळ हितलंच हाय."

अप्पासाहेब खूश झाले. काकांनी त्यांना घर दाखवलं, आज्याने लावलेलं दाराशेजारचं लिंबाचं झाड दाखवलं. सगळं जसं कबूल केलं होतं तसं. फक्त त्या सगळ्यात ते मला दाविदराव म्हणत होते आणि तुम्ही म्हणत होते. उठून त्यांचे पाय धरावेत असं वाटलं, पण पाहुण्याने यजमानाचे पाय धरले तर ते आणखीनच विचित्र झालं असतं. मी पोळी संपवली.

परत

सकाळी फाट्यावर मोटारीची वाट बघत उभे होतो. सोडायला सगळे आले होते. काकूने अप्पासाहेबांना आणि कॅप्टनला टॉवेल आणि नारळ दिला. मग मलाही टॉवेल आणि नारळ दिला. नाताळाला आलेला, आता मुंबईला गिरणीत परत चाललेला सिलास माझ्या शेजारी उभा होता. त्याच्या हातात तिने फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या आणि ठेचा दिला, आणि पाठीत धपाटा घालून म्हणाली की वाटंत खा, नाहीतर तशाच परत आणशील. मी नारळ दोन हातांत धरून उभा होतो. काका पुढे आले. आल्या दिवशी छातीशी धरलं होतं. आज त्यांनी हात पुढे केला. मी तो हातात घेतला. "या परत," ते म्हणाले, आणि मोटार आली.

गाडीत अप्पासाहेब रंगात होते. म्हणाले, जागा पक्की समजा, आणि काय हो पाहुणचार केला तुमच्या लोकांनी! मी मान डोलावली.

घाटाच्या अलीकडे मोटार थांबली तेव्हा सिलासने फडकं सोडलं. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं. त्याने पहिली भाकरी काढून माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, "घ्या पाव्हनं." टोमणा नव्हता त्यात. साधा, भला माणूस, पाहुण्याला आधी देत होता.

भाकरी घेतली. चुरता येत होती आता. खाताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की पुढल्या नाताळात मी परत आलो, आणि परत पहिल्याच चेंडूवर उडालो, तर मास्तर परत विचारतील ना? रात्रभर मी तेवढाच हिशोब मांडला होता. पुढल्या वर्षी यायचं, याकोबला सांगायचं की जोर लावून टाक, आणि या वेळी सगळ्या गावाला ऐकू जाईल असं उत्तर द्यायचं.

सिलास चावता चावता थांबला. माझ्याकडे पाहिलं आणि मग दुसरीकडे पाहून म्हणाला, "न्हाई वो. मानसाला येकदाच इचारत्यात. तुमाला आता कायमची माफी हाय."

संघात माझं नाव आलं आहे, हे तुम्ही ऐकलंच असेल. कारखान्यातही रुजू झालो. बायको रोज विचारते की नारळ किती दिवस फळीवर ठेवायचा, फोडू का? मी म्हणतो, राहू दे.